आरोग्य समितीत मागणी मांडायची कशी: सीमाभागातल्या गावांसाठी

"आमच्या दवाखान्यात औषधंच नसतात" असं बैठकीत म्हटलं की वैद्यकीय अधिकारी मान डोलावतात, वरूनच पुरवठा नाही म्हणतात, चहा येतो आणि विषय संपतो. "जुलैत रक्तदाबाची गोळी ११ दिवस नव्हती, त्या दिवसांत ३४ जण रिकाम्या हाताने परत गेले, आणि साठा संपल्यावर आठवड्याने मागणीपत्र गेलं" असं म्हटलं की त्याच अधिकाऱ्यांना साठा नोंदवही मागवावी लागते. आकडे इथे नमुन्यादाखल आहेत. दोन्ही वाक्यांत तक्रार एकच, पण दुसऱ्यामागे महिनाभर भरलेली वही आहे. ती वही कशी भरायची, ती घेऊन कुणाच्या टेबलावर जायचं आणि कोणत्या महिन्यात जायचं, ते पुढे दिलं आहे. कर्नाटकातल्या खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी या भागांतल्या मराठी गावांचा विचार डोळ्यापुढे ठेवला आहे.

कोणतं टेबल कुणाचं

निम्म्या मागण्या इथेच वाया जातात. मागणी खरी असते, पण ज्याच्या हातात काही नाही त्याच्याकडे जाते.

गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असते. राष्ट्रीय नियमावलीप्रमाणे महसुली गावागणिक एक समिती, किमान १५ सदस्य, त्यांत निम्म्या महिला. ग्रामपंचायतीचा निवडून आलेला सदस्य, शक्यतो महिला, अध्यक्ष आणि आशा कार्यकर्ती सचिव. बैठक दर महिन्याला. तिच्या खात्यावर वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत मुक्त निधी येतो. त्याच्या वर, उपकेंद्राच्या म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिराच्या पातळीवर जन आरोग्य समिती. तिचे अध्यक्ष ग्रामपंचायत अध्यक्ष (महाराष्ट्रातल्या पाहुण्याला सांगताना सरपंच म्हणा), सचिव तिथले समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ). प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यावरच्या रुग्णालयांना आरोग्य रक्षा समिती. केंद्राच्या समितीचे सचिव वैद्यकीय अधिकारी. तालुका रुग्णालयाच्या समितीवर आमदार अध्यक्ष असतात, त्यामुळे तिची बैठक लावायची तर आधी आमदारांच्या कार्यालयाकडून तारीख घ्यावी लागते.

जिल्हा आणि तालुका पंचायत सदस्यांची मुदत २०२१ मध्ये संपली आणि निवडणुका रखडल्या. समित्यांमधल्या त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि "अध्यक्षच नाहीत, बैठक कशी घ्यायची" हे उत्तर ठरून गेलं. यावर वाद घालू नका. तालुका आरोग्य अधिकारी (टीएचओ) आणि तालुका पंचायतीचे कार्यकारी अधिकारी (ईओ) यांना एका ओळीचं पत्र द्या: सध्या या समितीचं अध्यक्षपद कुणाकडे आहे, ते लेखी कळवावं.

आता कामाप्रमाणे वाटणी. खुर्च्या, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर, गळकं छत, रक्तदाब यंत्राचा फाटलेला पट्टा हे आरोग्य रक्षा समिती तिथल्या तिथे करू शकते. औषधं राज्याच्या वैद्यकीय पुरवठा महामंडळाच्या गोदामातून येतात. केंद्राच्या हातात वेळेवर मागणीपत्र पाठवणं असतं, आणि नेमकं तेच तपासायचं. रिकामी पदं भरणं वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हातात नाही, ती मागणी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे (डीएचओ) जाते. १०८ ची गाडी केंद्राची नसते, तिचा वेगळा कारभार आहे. ती उशिरा आली तर हाकेची वेळ आणि पोहोचल्याची वेळ लिहून डीएचओंकडे द्या. गटार, विहीर, टाकी ही ग्रामपंचायतीची कामं. जंगलातला रस्ता वनखात्याच्या परवानगीशिवाय होत नाही. आणि बेळगावचं बिम्स, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, वैद्यकीय शिक्षण खात्याखाली आहे. तिथली अडचण डीएचओंना सांगून फारसं काही हलत नाही, संस्थेच्या संचालकांना आणि अधीक्षकांना लिहावं लागतं.

एक महिना, एक वही

दोनशे पानी वही पुरते. कामाला तीन माणसं हवीत: आशाताई, स्त्रीशक्ती बचत गटातली किंवा महिला मंडळातली एक बाई आणि हिशेबाला पक्का असा एक तरुण. आशाताईंच्या एकटीच्या गळ्यात ही वही घालू नका. त्यांना त्याच वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करायचं असतं, आणि त्यांच्या हस्ताक्षरातली तक्रार त्यांच्यावरच उलटते. त्यांच्याकडून माहिती घ्या, लिहा दुसऱ्याने.

वहीत पाच रकाने पुरेत: तारीख, रुग्ण कुठल्या वाडीचा, कशासाठी गेला, काय मिळालं नाही, मग कुठे गेला आणि किती खर्च आला. रुग्णाचं नाव लिहू नका. क्षयरोग, गर्भपात, मानसिक आजार असले विषय गावात फुटले तर पुढच्या महिन्यात कुणी तोंड उघडणार नाही. वय आणि बाई-पुरुष एवढं पुरतं.

सगळंच मोजायला गेलात तर काहीच मोजून होत नाही. पहिल्या महिन्याला तीनच गोष्टी घ्या: औषधं, माणसं आणि साप-कुत्र्याचे दंश. औषधांत रक्तदाबाची, मधुमेहाची आणि गरोदर बायकांची लोहाची गोळी, कारण या तिन्ही खंड न पडता लागतात आणि खंड पडला की दुखणं बळावतं. गरोदरपणात निदान १८० लोहाच्या गोळ्या पोटात जायला हव्यात. तायी कार्डावर (गरोदर बाईच्या नोंदीचं कार्ड) टिपलेल्या आणि प्रत्यक्ष हातात पडलेल्या गोळ्यांचा आकडा जुळतो का, ते चार-पाच कार्डं पाहिली की समजतं.

माणसांसाठी चार रकान्यांचा तक्ता करा: मंजूर पद, भरलेलं पद, प्रत्यक्ष हजर, ओओडीवर गेलेलं. हा शेवटचा रकाना फार जण विसरतात. ओओडी म्हणजे पगार इथल्या पदावर आणि काम दुसरीकडे, बहुतेक वेळा तालुक्याच्या गावी. कागदावर पद भरलेलं दिसतं, म्हणून "पद भरा" या मागणीला "भरलेलं आहे" असं उत्तर येतं आणि तेही खरंच असतं. तुमची मागणी "ओओडी रद्द करून लॅब टेक्निशियनला मूळ जागी पाठवा" अशी हवी. नवीन पद मंजूर करून घ्यायला वर्षं जातात, ओओडी एका आदेशाने संपतं.

साप आणि कुत्रं: तपशील इथे हवाच

भातरोप लावणी आणि ऊसतोड असलेल्या भागात हा विषय समितीत दरवर्षी येतो, आणि दरवर्षी "लस ठेवा" एवढ्यावर संपतो. तेवढं पुरत नाही.

सर्पदंशावरच्या प्रतिविषाची पहिली मात्रा साधारण ८ ते १० कुप्यांची असते, आणि लहान मुलालाही तेवढीच, कारण विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. केंद्रात दोन कुप्या असतील तर कागदावर "उपलब्ध" असं लिहिता येतं, रुग्णाला त्यांचा उपयोग नाही. म्हणून ठरावात "प्रतिविष ठेवावं" असं न लिहिता "कमीत कमी १० कुप्या सतत शिल्लक असाव्यात, त्याखाली साठा येताच मागणीपत्र जावं" असं लिहा. त्याबरोबर अॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन मागा. प्रतिविषाची तीव्र रिअॅक्शन येऊ शकते, आणि अॅड्रिनॅलिन हाताशी नसेल तर डॉक्टर प्रतिविष द्यायला धजत नाहीत, थेट बेळगावची चिठ्ठी देतात. तिसरी गोष्ट फुकटात होते: काचेची स्वच्छ, कोरडी परीक्षानळी. तिच्यात २ मिलि रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं आणि गुठळी झाली नाही, तर रक्तावर परिणाम करणारं विष भिनलं आहे असं समजतं. प्लॅस्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या नळीत ही चाचणी फसते. नळी काचेचीच आहे का, हे विचारायला समितीच्या सदस्याने लाजू नये.

कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंश हा कळवणं बंधनकारक असलेला आजार ठरवला. म्हणजे प्रत्येक दंशाची नोंद आता व्हायलाच हवी. तुमच्या वहीतले दंश आणि केंद्राच्या नोंदीतले दंश जुळत नसतील तर तो फरकच बैठकीचा पहिला विषय करा. साठा ठरवताना मागचा वापर पाहिला जातो, आणि मांत्रिकाकडे गेलेला किंवा परस्पर खासगीत गेलेला रुग्ण मोजलाच जात नाही.

कुत्र्याच्या चाव्याची लस कातडीत देतात तेव्हा चार खेपा लागतात: पहिला दिवस धरला शून्य, मग ३, ७ आणि २८. एका कुपीतून अनेकांना देता येते आणि फोडलेली कुपी काही तासांतच संपवावी लागते, म्हणून काही ठिकाणी "अजून दोघे येऊ द्या, मग फोडू" असं सांगून परत पाठवतात. पहिली मात्रा अशी थांबवणं चूक आहे, आणि ठरावात ते तसंच नोंदवून घ्या. खोल जखमेला लसीशिवाय जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, लागतात. हे इंजेक्शन सगळ्या केंद्रांत नसतं, म्हणून आपल्याला सर्वांत जवळ ते कुठे मिळतं ते केंद्राच्या भिंतीवर लिहून घ्या. जखम १५ मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुणं हे घरचं काम, त्याला समिती लागत नाही.

पावसाळ्याची यादी मे महिन्यात

खानापूरच्या पश्चिमेला भीमगड अभयारण्यातल्या कोंगळा, गवाळी, पास्तोली, आमगाव अशा गावांत पावसाळ्यात गाडी पोहोचत नाही. आजाऱ्याला स्ट्रेचरवर घालून जंगलातून चालत आणावं लागतं. रस्त्याची मागणी चालूच ठेवा, पण तो होईपर्यंत दोन कामं समितीच्या हातात आहेत.

पहिलं, जून ते सप्टेंबरमध्ये बाळंत होणार असलेल्या बायकांची यादी मेच्या बैठकीत तारखांसह वाचा. प्रत्येकीपुढे एकच प्रश्न: दिवस भरण्याआधी ती कुठे राहणार? माहेर, नातलग, की रुग्णालयाजवळ सोय? उत्तर नसलेल्या बायका किती, तो आकडा टीएचओंना लेखी द्या. "चार महिन्यांत पाच बाळंतपणं, दोघींना सोय नाही" अशा नेमक्या आकड्यापुढे अधिकारी सोय करायच्या गोष्टी बोलू लागतात.

दुसरं, १०८ ची गाडी जास्तीत जास्त कुठवर येते, ती जागा ठरवा, तिथवरचं अंतर मोजा, आणि मोबाईलला रेंज कुठे मिळते ते लिहा. घडीचा स्ट्रेचर गावातच ठेवायची मागणी आरोग्य रक्षा समितीकडे करा. तो केंद्राच्या खोलीत कुलपात राहिला तर गावाला त्याचा उपयोग नाही.

अर्ज कोणत्या भाषेत

राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने कुणालाही गाऱ्हाणं मांडायचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. मराठी निवेदन "भाषा चालत नाही" म्हणून परत करता येत नाही. मात्र कर्नाटकाची राजभाषा कन्नड आहे, कार्यालयातली टिप्पणी कन्नडमध्ये चालते, आणि मराठी कागद अनुवादाच्या नावाखाली दोन महिने ट्रेमध्ये पडून राहू शकतो. व्यवहाराचा मार्ग असा: निवेदन कन्नडमध्ये, सोबत मराठी प्रत, दोन्हींवर सारख्याच सह्या, पोच दोन्हींवर. कन्नड मजकूर गावातला शिकलेला मुलगा किंवा शाळेतले मास्तर लिहून देतात. औषधांची आणि यंत्रांची नावं मात्र डब्यावर असतात तशीच ठेवा, भाषांतर करत बसू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा. त्या कायद्याच्या ६ (१) कलमाप्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत हवा. म्हणजे इथे मराठी चालत नाही, आणि हा अर्ज फेटाळला तर तो नियमाला धरूनच असतो. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. "औषधसाठा आणि रिकामी पदं" असं एकत्र विचारलं की दोन विषय झाले म्हणून परत येतं. दोन अर्ज करा, वीस रुपये जातील.

सीमाप्रश्न आणि दवाखाना एका कागदावर आणू नका. भाषिक हक्कांची मागणी रास्त आहे, पण औषधाच्या ठरावात तिचं एक वाक्य आलं की कागद राजकीय ठरतो, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना हात झटकायला कारण मिळतं. याला एक अपवाद आहे. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्राचा अर्थ रुग्णाला त्याला समजणाऱ्या भाषेत सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. गोळी कधी घ्यायची हे मराठीत समजावणं आणि लसीकरणाच्या दिवसाची सूचना अंगणवाडीच्या फळ्यावर मराठीतही लिहिणं, हेही त्यातच येतं. या मागण्या आरोग्याच्या म्हणूनच मांडा.

बैठकीत

विषय सात दिवस आधी सचिवांना लेखी द्या, नाहीतर "विषयपत्रिकेत नाही" म्हणून तो शेवटी "इतर विषय" मध्ये जातो आणि तोवर अर्धे लोक उठलेले असतात. एका बैठकीला दोन मागण्या, फार तर तीन. त्यातली एक अशी निवडा की ती त्याच महिन्यात होऊ शकेल.

ठरावाच्या वाक्यात चार गोष्टी हव्यात: काय, किती, कुणी, कधीपर्यंत. नमुना: "प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील प्रतिविषाच्या किमान १० कुप्या कायम शिल्लक राहतील अशी मागणी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी १५ जूनपूर्वी नोंदवावी आणि मागणीपत्राची प्रत पुढील बैठकीत ठेवावी." "योग्य ती कार्यवाही करावी" हे शब्द दिसले की ते खोडायला लावा, त्यांचा अर्थ काहीच करू नये असा होतो. नडावळी, म्हणजे इतिवृत्त, बैठक संपायच्या आत वाचून घ्या. ती कन्नडमध्ये असते, वाचता येत नसेल तर वाचणारा सोबत न्या. सहीच्या पानावर आधी सह्या आणि मागाहून मजकूर हा प्रकार होतो. मजकुराखाली रेघ मारल्याशिवाय सही करू नका. पुढच्या बैठकीचा पहिला विषय मागच्या ठरावांचं काय झालं हाच हवा.

१०,००० रुपयांचं काय करायचं

गावची रक्कम लहान आहे, पण तिच्यावरून गावची पत ठरते. ती विहिरी आणि टाक्यांची सफाई, डास होणारी डबकी बुजवणं, पाण्याची तपासणी, अत्यंत गरीब घरातल्या आजाऱ्याच्या गाडीभाड्यासाठी वापरता येते. ज्या कामाला ग्रामपंचायतीकडे किंवा दुसऱ्या खात्याकडे पैसा आहे, त्याला ती लावू नये. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, म्हणून मोठ्या गटाराचा विषय पंचायतीकडे नेणंच बरं. खर्च बैठकीत मंजूर, पावती चिकटवलेली, वापर प्रमाणपत्र मार्चअखेर. खर्च झाला नाही की पुढच्या वर्षी तेवढी रक्कम कमी येते, आणि पैसे वाचवले म्हणून कुणी शाबासकी देत नाही.

मोठ्या मागण्यांना मोसम असतो. पंचायत विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून चालते आणि जिल्ह्याचा आरोग्य आराखडा हिवाळ्यात बांधला जातो. उपकेंद्राची इमारत, नर्सची निवासखोली, पाण्याची जोडणी या मागण्या ग्रामसभेच्या ठरावासह नोव्हेंबरपर्यंत टीएचओंच्या हाती गेल्या तरच पुढच्या आर्थिक वर्षात दिसतात. फेब्रुवारीत दिलेलं निवेदन फोटोपुरतं उरतं.

शेजारच्या राज्यात गेलेला रुग्ण

निपाणीकडचे कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात जातात, अथणी-कागवाडचे मिरजेला, खानापूरच्या पश्चिमेकडचे गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. जाणं चूक नाही, पण इथल्या कागदावर ते कुठेच येत नाही. बाळंतपण कोल्हापुरात झालं की जन्मनोंद तिथेच होते, कारण कायद्याने जन्म जिथे झाला तिथेच नोंदवायचा असतो. इथल्या केंद्रात बाळंतपणं कमी दिसतात, आणि "काम कमी" म्हणून नर्स दुसरीकडे हलवली जाते. म्हणून वहीत बाहेर गेलेल्यांचं वेगळं पान ठेवा आणि कारण लिहा: डॉक्टर नव्हते, सोनोग्राफी नव्हती, माहेर तिकडे, की कुणीतरी तिकडेच जा म्हणाले. माहेरचं कारण सोडून बाकीची कारणं ही तुमची मागणीची यादी.

योजनांचाही घोळ इथेच होतो. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतो, बाकीच्यांना खर्चाच्या ३० टक्के, दीड लाखांपर्यंत. तातडीची वेळ सोडली तर मोठ्या उपचाराला सरकारी रुग्णालयाची शिफारसचिठ्ठी लागते, आणि ती न घेता थेट गेलेल्यांचे दावे अडतात. चिठ्ठी कोण देतं, किती वाजेपर्यंत देतं आणि रविवारी कोण देतं, हे केंद्राच्या फलकावर लिहून घेणं ही एका बैठकीत सुटणारी मागणी आहे.

उत्तर आलं नाही तर

तीस दिवस थांबा. मग स्मरणपत्र, जुन्या पोचेची झेरॉक्स जोडून. त्यानंतर टीएचओ, मग डीएचओ, आणि प्रत जिल्हा पंचायतीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना (सीईओ). पायरी चुकवून एकदम मंत्र्यांना लिहिलं तर कागद फिरत फिरत त्याच टीएचओंकडे येतो, फक्त महिनाभर उशिरा. १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. माहिती अधिकारात "औषधं का नाहीत" असं विचारू नका, कारणाला उत्तर द्यायला अधिकारी बांधील नसतात. "१ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळातल्या औषध साठा नोंदवहीच्या आणि पाठवलेल्या मागणीपत्रांच्या प्रती" असे कागद मागा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

ग्रामपंचायतीची मुदत संपली किंवा समितीचा अध्यक्ष बदलला की बँकेतली सही बदलावी लागते. हे काम राहिलं म्हणून खाती वर्षभर गोठलेली राहतात. नव्या अध्यक्षाची निवड झाली त्याच बैठकीत सही बदलायचा ठराव करा, खात्यावर सही करणाऱ्या दोघांची आधार आणि पॅनकार्डं घेऊन त्याच आठवड्यात बँकेत जा, आणि जुनी वही, पोचेची फाईल, पासबुक अशा तिन्ही वस्तू नव्या माणसाच्या हाती देऊन त्याचीही सही घ्या.